पायाळू चांगुबायची शेड

आभाळ काळवंडलं की माणसं बाहेरून घरात पळतात. आमच्या शेजारची चांगुबाय घरातून बाहेर निघायची.

घरही काही साधं नव्हतं. मुलाने, बाळारामने, बांधलेला दोन मजली बंगला, वर स्लॅब, पुढे ग्रॅनाइटच्या पायऱ्या. त्या बंगल्यातून ही म्हातारी डोक्यावर पदर ओढून निघायची आणि परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायची. पूर्वी तिथे तिच्या म्हशी असायच्या. म्हशी विकल्या, मग सरपण, फुटकी पिंपं आणि एक लाकडी बाज एवढंच राहिलं. लोखंडी पाइपांचे खांब, वर पत्रा, मागच्या बांधाला एक उंच ताड. वीज पडायला याहून बरी जागा शोधून मिळाली नसती.

आम्ही मानपाड्याच्या पुढे त्यांच्या आळीत राहायला गेलो त्या वर्षी मी हे पहिल्यांदा बघितलं. आश्विन चालू होता, दुपार टळलेली. परतीच्या पावसाआधी मलंगगडाच्या अंगाला गडगडायला लागलं होतं. सुमन, म्हणजे माझी बायको, मागच्या दारी दोरीवरचे कपडे ओढत होती. तिने हिला शेडकडे जाताना बघितलं.

"अहो मावशी, बाहेर कुठे निघालात? आत जा ना."

"मी आत बसली तर पोरां कुठं जातील?" चांगुबाय म्हणाली आणि गेली निघून.

सुमनला काही कळलं नाही, मलाही नाही. संध्याकाळी तिची सून प्रमिला दारात आली, तिने सांगितलं. चांगुबाय पायाळू. जन्मताना डोक्याच्या आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणसाला वीज शोधत येते, असं जुनी माणसं म्हणतात. ही ते धरून बसलेली. वीज आपल्याला न्यायला येणार, तेव्हा आपण नातवंडांच्या घरात असता कामा नये, एवढाच तिचा हिशोब.

"आम्ही नाय मानत हो असलं काय," प्रमिला हसत म्हणाली. ती बी. कॉम. झालेली. "पण आई ऐकतात कुठे?"

मी चौथी शिकलेला माणूस. केमिकल कंपनीत हेल्पर म्हणून जन्म गेला. मानतो की नाही, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

चांगुबाय नऊवारी लुगडं गुडघ्याच्या खालीच राहील असं नेसलेली, काळी, काटक, दातांना मशेरी. खालच्या ओठाला एक जुना व्रण. आम्ही बाहेरून आलेलो म्हणून मला ती शेवटपर्यंत "पावन्या" म्हणाली. वर्षं गेली, केस गेले, मी तिचा पाहुणाच. मी तिला आक्का म्हणायचो. जमिनी विकून आळीतल्या लोकांनी गाड्या घेतल्या तरी ही पहाटे अनवाणी शेण शोधत फिरायची, कारण अंगण फरशीचं झालं तरी शेडचा ओटा तिला सारवलेलाच लागायचा.

शेडमध्ये जायच्या आधी अंगावरचं सोनं काढायची. पाटल्या, कानातले काप, सगळं प्रमिलाच्या ओंजळीत.

"मी जलली तर सोना कनाला जलायचा?"

मग भात कुठे झाकलाय, सुकट कुठल्या डब्यात, मांजरीला दूध घालायचं राहिलंय, हे सांगायची. पाऊस थांबला की परत यायची, पाटल्या मागायची, आणि मांजरीला दूध घातलं नाही म्हणून सुनेला बोलायची. दरवेळी मरायला निघायची, दरवेळी चिडून परत यायची. आळीतली पोरं हसायची. मला हसू यायचं ते ती परत आल्यावर. ती आत बसलेली असायची आणि वर पत्रा पांढरा व्हायचा, तेव्हा नाही.

पायाळूपणाचा दुसरा भाग लोकांच्या सोयीचा होता. पाठीत उसण भरली की पायाळू माणसाने लाथ मारायची, उसण जाते. डोंबिवलीहून, ठाकुर्लीहून माणसं रिक्षा करून यायची. एकदा ड्रम उचलताना माझी पाठ धरली, तर सुमनने मलाही तिच्यापुढे पालथा घातला.

"पावन्या, हालू नको. हाललास तर दुसरी मारीन."

"आक्का, हळू."

"हलू मारायची तर तुजी बायकोच मारंल. माज्याकडं कनाला आयलास?"

मारली. टाच अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुमन तोंडात पदर कोंबून हसत होती. पाठ राहिली की नाही ते आता आठवत नाही, सुमनचं हसणं आठवतं. चांगुबाय कुणाकडून काही घ्यायची नाही. "देवानं पाय आदी काढला, त्याचा काय तरी उपेग नको?" म्हणायची.

माझी समजूत होती की ती नुसती जुन्या वळणाची आहे. तसं नव्हतं. ते एकदा ओट्यावर सुकट निवडता निवडता तिनेच सांगितलं. तिचे आईबाप खाडीकाठी मिठागरावर कामाला होते. ही जरा मोठी झालेली, पाठचा भाऊ वयाने लहान पण अंगाने थोराड. एकदा असंच आभाळ फाटलं, बाया ओरडायला लागल्या, ही दोघं बांधावरून घराकडे पळाली. भाऊ चार पावलं पुढे, ही मागे. डोळ्यांपुढे पांढरं झालं. ही उठली, तो उठला नाही.

"मना शोधत आयली व्हती," ती म्हणाली. "मी मिलाली नाय, त्याला नेला."

मी कंपनीत ऐकलेलं थोडंफार ठाऊक होतं. विचारलं, "आक्का, त्याच्या हातात काय होतं?"

"फावडा. खांद्यावर."

"मग फावड्यावर पडली. लोखंड उभं धरलेलं, उघड्यावर. पायाळूचा काय संबंध?"

तिने सुकटातला एक खडा बाजूला टाकला. माझ्याकडे बघितलं नाही.

"फावडा माजा व्हता. मना जड व्हतो म्हनून त्यानं घेतला."

सुमनने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून आत गेलो.

बाळारामने एकदा शेडला कुलूप घातलं. वाटलं, जागाच नाही म्हटल्यावर येईल घरात. ढग आले तशी चांगुबाय निघाली, कुलूप बघितलं, आणि सरळ बांधावर जाऊन ताडाच्या बुंध्याशी बसली. पाऊस मी म्हणत होता. बाळाराम चांगला आडदांड माणूस, गावात त्याच्यापुढे कुणी बोलत नाही. तो किल्ली घेऊन चिखलातून पळत गेला आणि रडत कुलूप उघडलं. "आई, शेडमधी बस गो, पन तितून ऊठ." त्यानंतर शेडला कुलूप लागलं नाही.

त्या दिवशी सुमन रात्रीचं जेवली नाही. मला म्हणाली, "म्हातारी काही घरात यायची नाही. मग शेडचंच काहीतरी करा. तुमच्या कंपनीत ती उंच चिमणी आहे, तिच्यावर वीज पडत नाही का?"

"पडते. खाली जमिनीत जाते. तार असते तिला."

"मग तशी इथे लावा."

बायकांना असं वाटतं की जगातलं सगळं लावता येतं. पण मी मोरेला घेऊन आलो. मोरे आमच्या कंपनीचा इलेक्ट्रिशियन, वायरमन कसला, तोंडाचा पट्टा. त्याने शेड बघितली आणि कपाळाला हात लावला. आत एक बल्ब लोंबत होता, त्याची वायर बंगल्यातून ताडाला टेकून आणलेली, अर्थिंगचा पत्ता नाही. मला म्हणाला,

"तात्या, हे वरच्या विजेची वाट बघणार नाही. ही घरची वीजच म्हातारीला नेईल एक दिवस. आधी ही काढ."

मग त्याने सांगितलं. एक तर ताड तोडा, नाहीतर शेड लांब हलवा. ताड उंच, वीज ताडावर येणार, आणि तिथून शेडच्या पत्र्यावर उडी मारणार. चांगुबाय म्हणाली, ताड माझ्या सासऱ्याने लावलेला, त्याला हात लावलात तर मी त्याच्याखालीच झोपेन. झाली बोलणी. शेवटी ताडी काढणाऱ्याला वर चढवला आणि ताडाच्याच डोक्यावर तांब्याची सळी बसवली. तिच्यापासून पट्टी सरळ खाली, कुठे वाकण नाही, शेडच्या उलट्या अंगाने. लांब खड्डा खणून त्यात प्लेट पुरली. शेडचे पत्रे आणि पाइप एकमेकांना बांधले, आणि तेही, बंगल्याची अर्थिंगही, सगळं जमिनीखालून त्याच पट्टीला जोडलं.

"वेगळंवेगळं ठेवलं तर वीज एकातून दुसऱ्यात उडते," मोरे म्हणाला. "आणि मधी जो बसलाय त्याचं काम संपतं."

चांगुबाय कमरेवर हात ठेवून उभी होती. "ही सली तिला बोलावनार."

"बोलावत नाय हो आजी. आली तर वाट दाखवते."

"कसली वाट?"

"जमिनीत जायची. खाली कोळसा आणि मीठ भरायचं, त्यात प्लेट. ओल धरून ठेवतं ते."

मीठ म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. ती आत गेली आणि टोपलीभर खडेमीठ घेऊन आली. मोरेने पिशवीतून बारीक मीठ आणलं होतं, ते तिने बाजूला सारलं. "यो कसला मीठ? यो तर पावडर लावल्यागत." स्वतः खड्ड्याच्या काठावर बसून तिने मुठीमुठीने मीठ टाकलं. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

काम झाल्यावर मोरेने बजावलं. "आजी, एवढं सगळं केलं तरी वीज चमकताना शेडमधी बसायचं नाय. पक्क्या घरात बसायचं. नळाला हात नाय, वायरीला हात नाय, खिडकीपासून लांब. आणि हट्टच असंल तर बाजेवर मधोमध बसायचं, पाय वर घेऊन. पाइपाला टेकायचं नाय."

"शेवटचा तेवडा ऐकते," चांगुबाय म्हणाली.

उन्हाळ्यात त्या खड्ड्यात, वर तोंड ठेवलेल्या पाइपातून, पाणी घालायला मोरेने सांगितलं होतं. ती रोज सकाळी घालायची, तुळशीला घातल्यावर उरलेलं. पाइपाच्या तोंडाला कुंकूही लावलेलं असायचं. पण ढग आले की शेडमध्येच.

मागच्या चैत्रात सुमन गेली. कशाने गेली ते लिहीत नाही, दवाखान्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. माणसं येत होती, देवाची मर्जी म्हणत होती, आणि मला एकेकाला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. चांगुबाय तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी घेऊन आली. ताट माझ्यापुढे सरकवलं.

"जेव."

"नको."

"रडायचा हाय ना तुना? मग जेव. उपाशी मानसाला रडाया पन जोर नसतो."

मी जेवलो. ती भिंतीला टेकून बसून राहिली. ताट घेतलं आणि गेली.

सुमन होती तोपर्यंत विजेची भीती मला तिच्यामार्फत वाटायची. ती घाबरायची, मी तिला गप्प करायचो. ती गेल्यावर ती भीती माझ्याकडे राहिली. म्हातारा माणूस, मरायला काय घाबरायचं, असं लोकांना वाटतं. मी गडगडलं की सगळे प्लग काढायचो आणि खाटेवर पाय वर घेऊन बसायचो. खिडकीतून शेड दिसायची. शेडमध्ये ती असायची.

आश्विन आला. त्या दिवशी पाऊस अजून धड सुरूही झाला नव्हता. मी खिडकीपासून लांब होतो तरी सगळी खोली पांढरी झाली. भिंती, भांडी, माझे हात. आवाज त्याच्याबरोबरच आला, मागून नाही. तो कानांनी ऐकला असं म्हणता येत नाही, छातीत काहीतरी मोडलं. मग काहीतरी करपल्याचा वास. बघितलं तर ताडाचा शेंडा जळत होता, पाऊस पडायला लागला होता आणि वर ताड जळत होता.

मी ओरडलो, पण पाय हलेनात. बाळाराम बंगल्यातून धावत येताना दिसला तेव्हा कुठे मी दार उघडलं.

चांगुबाय बाजेवर मधोमध बसली होती. पाय वर, दोन्ही हात कानांवर, तोंड उघडं. डोळे उघडे. मला वाटलं गेली. बाळारामने तिला खांद्याला धरून हलवलं तशी तिने त्याच्याकडे बघितलं.

"पोरां?"

"घरात हायेत गो आई. बरी हायेत."

तिला ऐकू येत नव्हतं. त्याने बंगल्याकडे बोट दाखवलं, मान हलवली. तेव्हा तिला समजलं. तिने शेडचं छप्पर बघितलं, स्वतःचे हात उलटेपालटे करून बघितले.

"मंग मना कनाला ठेवली?"

पुढे एका कानाने ती ऐकायला लागली, दुसरा कायमचा गेला. मोरे येऊन बघून गेला. सळी वाकली होती, पट्टीचा एक जोड काळा पडला होता, बंगल्यातला टीव्ही गेला होता, बाकी काही नाही. त्याने प्रमिलाला नीट समजावलं की ताड उंच म्हणून ताडावर पडली, सळीतून खाली गेली, पत्रे बांधलेले म्हणून म्हातारी वाचली. प्रमिला हो हो म्हणत होती. मी तिचा चेहरा बघत होतो. तिच्या कानात काही शिरत नव्हतं.

ते मला काही दिवसांनी, पुढचा पाऊस आला तेव्हा कळलं. बाळारामने या वेळी आईला उचलूनच हॉलमध्ये आणून बसवलं. धरायला म्हणून मला बोलावलेलं. चांगुबाय सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसली. वीज अजून लांब होती, नुसतं गुरगुरत होतं. नातवंडं खाली गालिच्यावर खेळत होती. प्रमिला स्वयंपाकघरातून आली, दोघांचे हात धरले आणि त्यांना घेऊन वर गेली. वरच्या खोलीचं दार लागलं. कडीचा आवाज खाली ऐकू आला. चांगुबायला तो आला नसेल, पण तिने जिन्याकडे बघितलं होतं.

मी प्रमिलाला दोष देत नाही. इतकी वर्षं ती हसत होती. मग तिने ताड जळताना बघितला.

चांगुबायने पाटल्या काढल्या, टीपॉयवर ठेवल्या आणि उठली. बाळाराम जिन्याच्या तोंडाशी उभा होता. एकदा वर बघत होता, एकदा आईकडे. त्याने तिला अडवलं नाही. मलाही जमलं नाही.

ती गेली ती पुढे थंडीत, तापाने, अंथरुणात, आभाळ निरभ्र असताना. मी तेव्हा मुलीकडे बडोद्याला होतो, मला फोनवर कळलं. मी तिला शेवटची बघितली ती त्याच आश्विनातल्या सरत्या पावसात.

चार वाजता अंधारून आलं. मी प्लग काढून मागचं दार लावायला गेलो, तर ती शेडकडे चाललेली. शेंडा जळून थोटा झालेला ताड मागे उभा. सळी वाकलेली होती, ती मोरे अजून सरळ करून गेला नव्हता. मी तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन ओरडलो.

"आक्का, आमच्याकडे या."

ती थांबली. पावसाचे थेंब पडायला लागले होते.

"घरात कोन हाय?"

"कोणी नाही."

"कोनच नाय?"

"कोण असणार? सुमन गेली. पोरगी बडोद्याला."

तिने बंगल्याकडे बघितलं, शेडकडे बघितलं. मग माझ्या दारातून आत आली. ओला पदर पिळला आणि खाटेच्या एका टोकाला बसली, मी दुसऱ्या टोकाला. दोघांमध्ये सुमनची घडी केलेली गोधडी.

पाऊस वाजायला लागला. पहिल्या काही विजा लांबच्या होत्या, चमकून बऱ्याच वेळाने गडगडायच्या. मग चमक आणि आवाज जवळ यायला लागले. मी भिंतीकडे बघत होतो, तिच्याकडे नाही. आपणच बोलावली म्हातारीला, आणि खरंच जर ती विजेची असेल तर, हे माझ्या मनात आलं. चौथी शिकलेल्याच्याही येतं आणि बी. कॉम. झालेलीच्याही येतं.

एक वीज अशी पडली की भांड्यांच्या मांडणीतला तांब्या खाली आला. चांगुबाय उठून उभी राहिली. दाराकडे निघाली.

"कुठे निघालात?"

"शेडमधी."

"का? इथे कोण आहे वाचवायला?"

"तू हायस ना रं आटं."

सुमन गेल्यापासून या घरात कोणी आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी उठलो आणि तिचं मनगट धरलं. भीती गेली नव्हती, तिचीही नाही आणि माझीही नाही, पण मी धरलं.

"बसा इथे. गुमान बसा."

"तू मरशील."

"बसा म्हणतो ना."

ती बसली. मी तिचं मनगट सोडलं नाही. ओलं, हाडकं मनगट, आत नाडी पाखरासारखी उडत होती. बाहेर पांढरं व्हायचं, आम्ही दोघं डोळे मिटायचो, उघडून एकमेकांकडे बघायचो, आहे का म्हणून. असं किती वेळ चाललं ते देव जाणे.

पाऊस ओसरला तशी ती निघाली. मी मागच्या दारात उभा राहिलो. ती चिखलातून बंगल्याच्या मागच्या ओट्यापर्यंत गेली. आतून प्रमिलाने दार उघडलं. "आई, या आत," म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तिच्या मागून धाकटी नात पळत ओट्यावर आली, आजीकडे. चांगुबायने दोन्ही हात पुढे करून तिला लांबच थांबवलं. मलंगगडाच्या बाजूला अजून थोडं गुरगुरत होतं. ती पायरीवर, पागोळ्यांखाली, तिकडे चांगला कान करून उभी राहिली.